छतावरचा फोटो

मला शिडीची भीती वाटते. पालीची वाटते, ओल्या हाताने विजेचं बटण दाबायची वाटते, आणि कुत्र्यांचं तर नावच काढू नका. कपडे दुरुस्तीचं माझं छोटंसं दुकान आहे. रोज बंद करताना कुलूप ओढून बघते, चार पावलं जाते, परत येते आणि पुन्हा ओढून बघते. शेजारचा न्हावी म्हणतो, "मावशी, एक दिवस ते कुलूप वैतागून आपणहून उघडेल." उघडू दे. माझं कुलूप आहे, मी ओढीन.

अशी मी बाई लोकांची घरं बांधायला खेड्यात कशी गेले, तर ताईमुळे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत खेळाची शिक्षिका होती. ती निवृत्त झाली, पण तिची हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. स्वस्थ बसणं म्हणजे तिला शिक्षा. शहरातल्या काही लोकांचा एक गट आहे. ही मंडळी सुट्टी काढून, पदरमोड करून लांबच्या खेड्यांत जातात आणि ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही अशा कुटुंबांना एका खोलीचं पक्कं घर बांधून देतात. मिस्त्री एकच असतो, बाकी सगळे हौशी. ताई त्या गटाची म्होरकी. मला म्हणाली, "घरात एकटी बसून काळजी करत असतेस ना, तीच तिथे येऊन कर. तेवढीच हवा बदलेल."

गेले. आणि गेल्या दिवसापासून तोंडाची टकळी सुरू केली. विटांच्या ढिगात विंचू असेल, आधी काठीने हलवा. शिडी कुणीतरी धरा. त्या फळीवर दोघे उभे राहू नका. सिमेंटचा हात डोळ्याला लावू नका. गटात एक दातांचे डॉक्टर होते, अंगाने भरदार, हसायला लागले की समोरच्याला घाम फुटावा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव पाडलं, धास्तीमावशी. मग काय, मी "अहो, जपून" म्हणायचा अवकाश, सगळे एका सुरात "धास्तीमावशी" म्हणून हसायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायला लागलं होतं. इतकी वर्षं मी कुलपाशीच बोलत होते.

पण एक गोष्ट फक्त ताईला माहीत आहे. माझी ही आरडाओरड म्हणजे रोजची, घरगुती भीती. खरी भीती वाटली की माझा आवाज बसतो आणि मी एकदम गोड बोलायला लागते. लहानपणी ताई अंगणात पाठमोरी बसून दोरीची गाठ सोडवत होती आणि कुंपणातून एक पिसाळलेलं कुत्रं आत आलं. एरवी कुत्र्याचं पिल्लू बघून गल्ली डोक्यावर घेणारी मी दारात उभी राहून हळूच म्हणाले, "ताई, तू जरा घरात येतेस का?" ताई अजून सांगते, त्या 'येतेस का'नेच तिच्या अंगावर काटा आला. एरवी मी तिला 'ये गं' म्हणते, फार तर 'मर तिकडे' म्हणते. ती मागे वळून न बघता उठली आणि आत आली.

आम्ही बांधत होतो ते घर सासू, सून आणि सुनेची तान्ही मुलगी अशा तिघींचं होतं. मुलगा कुठेतरी लांब ट्रकवर, अधूनमधून यायचा. तोवर या तिघी गावाबाहेर ताडपत्री आणि गंजक्या पत्र्यांच्या आडोशाला राहत होत्या. वारा सुटला की सासू ताडपत्रीची दोरी हाताला गुंडाळून बसून राहायची, असं सून म्हणाली. सासू वयाने माझ्याएवढीच असेल, पण नात झाली म्हणून सगळे तिला आजी म्हणत. मीही म्हणायचे आणि मनातल्या मनात जरा खट्टू व्हायचे. बाई मोठी टापटिपीची. त्या आडोशातही भांडी अशी ओळीत की माझ्या दुकानातल्या रिळांनी लाजावं. आम्ही काम करताना ती नुसती हात जोडून उभी राहिली नाही. विटा दिल्या, पाणी आणलं, आणि आमची पाठ वळली की सांडलेली वाळू झाडूने गोळा करून ठेवायची. "तुम्ही पाहुणे," म्हणायची, "पाहुण्यांच्या पायात पसारा बरा दिसत नाही."

भिंती झाल्या, स्लॅब टाकला. त्या दिवशी आम्ही ओळीने उभे राहून घमेली वर पोचवत होतो. माझे हात नंतर केस विंचरायलाही वर होईनात. हे काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. आधी खालून लोखंडी पत्रे लावतात, पत्र्यांना लाकडी खांबांचे टेकू देतात, वर सळया बांधतात आणि मग काँक्रीट ओततात. ते घट्ट व्हायला वेळ घेतं, आणि थंडीत तर फारच रेंगाळतं. मिस्त्रीला ते पत्रे पुढच्या गावच्या घराला हवे होते. म्हणून त्याने पत्रे लवकर सोडवले आणि टेकू तेवढे खालून पुन्हा ठोकून घट्ट बसवले. खोलीत नुसतं लाकडांचं रान झालं. आम्हाला अंगणात उभं करून तो म्हणाला, "दिसायला झालाय, पण अजून कच्चा आहे. मी येऊन काढेपर्यंत टेकूंना कुणी हात लावायचा नाही." आम्ही माना डोलावल्या. आजी तेव्हा आडोशाशी आमच्यासाठीच चहा उकळत होती. तिला कुणीतरी सांगेलच, असं ज्याला त्याला वाटलं. आणि मिस्त्रीला वाटलं, ज्यांचं घर आहे ते कशाला हात लावतील.

आता या गटाची एक रीत आहे. निघायच्या दिवशी सगळ्यांनी नव्या घराच्या छतावर चढायचं आणि फोटो काढायचा. ताईच्या घरी भिंतीवर अशा फोटोंची रांगच आहे. प्रत्येकात ती मधोमध, हात कमरेवर. मिस्त्री निघण्याआधी मी त्याला विचारलं होतं, "कच्च्या छतावर एवढी माणसं?" तो म्हणाला, "मावशी, खाली टेकू आहेत तोवर हत्ती चढवा. नाचू नका म्हणजे झालं." आणि हत्यारं घेऊन तो पुढच्या गावी गेला.

निघायच्या दिवशी आम्ही शाळेतून, म्हणजे मुक्कामाच्या जागेवरून, चालत आलो तर अंगण ओळखू येईना. झाडून, पाणी शिंपडून लख्ख. उंबरठा धुतलेला. दारात आजी, केस चापूनचोपून बसवलेले, तोंडावर गुपित दाबून ठेवल्यासारखं हसू. "आत या ना, आत या," ती एकेकाला म्हणत होती. पण आत बघायला वेळ कुणाला? बस चुकेल म्हणून सगळ्यांना फोटोची घाई. "आधी फोटो, मग घर," असं म्हणत डॉक्टरांनी भिंतीला शिडी लावली आणि एकामागून एक सगळे वर गेले.

"छोटे, चल," ताई शिडीवरून म्हणाली. मी पन्नाशी ओलांडली तरी ताईला छोटीच.

"मी खालीच बरी. घरी कळवायला कुणीतरी शिल्लक राहायला हवं."

वर हशा पिकला. असलं काहीतरी माझ्या जिभेवर असतंच. पण नेमकं तेच त्या दिवशी का यावं, कुणास ठाऊक. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

फोटो काढायला बँकेतून निवृत्त झालेले साहेब अंगणात मागे सरकत सरकत पार चिंचेखाली गेले होते. "मधे या, मधे या," ते हातवारे करत होते. "कडेला नको, चेहरे कापले जातायत. अजून जवळ." वर मंडळी खिदळत, एकमेकांना ढकलत मधोमध गोळा होत होती. मला ते बघवेना. वर बघितलं की मला गरगरतं. म्हणून मी बाळाला बघायला आत गेले.

सून भिंतीला टेकून बसली होती. शेजारी दुपट्यात बाळ झोपलेलं. आजी माझ्या मागोमाग आत आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"किती ऐसपैस," मी म्हणाले. खरंच वाटत होतं. परवापर्यंत या खोलीत अंग चोरून चालावं लागायचं, आणि आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं मोकळं. खिडकीतलं ऊन सरळ समोरच्या भिंतीवर पडलेलं. मनात म्हटलं, बाईने जादू केली. आणि मग माझी नजर खाली गेली. पुसून चकचकीत केलेल्या जमिनीवर गोल डाग राहिले होते. जिथे जिथे टेकू उभा होता तिथे तिथे एक.

"लाकडं कुठे गेली?" मी विचारलं.

"मागे नेऊन ठेवली." आजीचं गुपित फुटलं. "काल तेच करत होते. हिला म्हटलं, तू पोरीला घेऊन बस, मी बघते. एक तर निघता निघेना, दगडाने ठोकून ठोकून काढलं. म्हटलं, एवढी माणसं घर बघायला येणार आणि मधे ही लाकडं, कसं दिसेल ते? तुमचीच आहेत ना? एकालाही चीर जाऊ दिली नाही."

वर पायांचा आवाज येत होता. धप, धप, आणि हसणं. मी मान वर केली. छताच्या मधोमध केसासारखी एक रेघ होती, खिडकीच्या वरून निघून पार दाराकडे गेलेली. मी बघत असतानाच तिच्यातून चिमूटभर भुकटी सुटली आणि बाळाच्या दुपट्यावर पडली. सुनेने ती सहज हाताने झटकली.

ताई वर होती. अगदी मधोमध, हात कमरेवर ठेवून, जशी प्रत्येक फोटोत असते तशी. आणि तिच्या पायाखाली, आमच्या डोक्यावर, काही नव्हतं. ओरडले असते तर वर धावाधाव झाली असती, म्हणून मी ओरडले नाही, असं नंतर सगळे कौतुकाने सांगत सुटले. सांगू देत. खरं म्हणजे माझ्या घशातून आवाज निघतच नव्हता.

"पोरी," मी सुनेला म्हणाले, आणि तो आवाज मलाच परका वाटला, "बाळाला घेऊन जरा बाहेर येतेस का? फोटोत बाळ हवंय सगळ्यांना."

"आत्ताच झोपलीय हो."

"झोपलेलीच हवीय." मी वाकले, दुपट्यासकट बाळ उचललं आणि चालायला लागले. आईच्या डोळ्यांसमोर बाळ उचलून चालू लागलं की आई मागे येतेच. राहिली आजी. ती म्हणाली, "मी जरा खिडकी लावून घेते, धूळ येते."

"खिडकी राहू द्या. तुम्ही पण चला ना."

"आलेच."

"आजी," मी म्हणाले, "माझा हात धरता का? मला चक्कर येतेय."

ती लगबगीने आली आणि तिने माझा दंड धरला. बाईचा हात असा कोरडा, खरखरीत, गरम. त्या तीन-चार पावलांत मी काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत. दुकान विकीन म्हटलं, पुन्हा कुणाला टोचून बोलणार नाही म्हटलं. तेवढ्यात बाहेरून पोरींचा गलका ऐकू आला, "उडी, उडी! उडी मारतानाचा काढा." डॉक्टरांची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी. आणि साहेबांचा आवाज, "बरं बाबा, तसं तर तसं. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम."

मी बाहेर येऊन बाळ सुनेच्या हातात दिलं, दोघींना चिंचेकडे जायला सांगितलं आणि वळले. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता. "एक," ते म्हणाले. मी सरळ जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

"अहो मावशी, बाजूला व्हा."

वरून टाळ्या, शिट्ट्या. "धास्तीमावशीला फोटोत यायचंय," डॉक्टर गरजले. त्यांच्या आवाजानेसुद्धा छत हलेल असं मला वाटलं. वर वीसेक माणसं गुडघे वाकवून उडीच्या तयारीत, आणि मधे ताई, तोंडभर हसत.

मी मान वर केली. "ताई," मी म्हणाले, "तू जरा खाली येतेस का?"

ताईचं हसू तिथेच थिजलं. तिने खाली माझ्याकडे पाहिलं. तिला काहीही ठाऊक नव्हतं. टेकूंचं नाही, रेघेचं नाही. मी फक्त बघत राहिले. ताईने कमरेवरचे हात हळूहळू खाली घेतले.

"कुणी उडी मारायची नाही," ती म्हणाली. मोठ्याने नाही. वर्गात सगळ्यात वात्रट मुलाला गप्प करताना काढायची तसला आवाज. "सगळे सरळ उभे राहा. गुडघे सरळ. हसू नका."

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले. "पाल दिसली का हिला?"

"डॉक्टर, तुम्ही भिंतीच्या कडेकडेने शिडीकडे जा. पाय उचलून नाही, सरकवत. तुमच्यानंतर तुमची मुलगी नाही, हा उंच मुलगा. मग मी सांगेन तसं एकेक."

तिने वजनाने लावली होती रांग. कुणी तिला सांगितलं नव्हतं की छतात दोष आहे. पण मी खाली उभी आणि वर त्यांच्याकडे बघून घाबरलेली, म्हणजे भानगड त्यांच्या पायाखालीच, एवढं तिने ओळखलं. डॉक्टर कुरकुरत निघाले. मी शिडीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. ते उतरले, पाय जमिनीला लागले, आणि मला विचारायला त्यांनी तोंड उघडलं.

"खाली टेकू नाहीत," मी त्यांच्या कानात म्हणाले.

त्यांनी उघड्या दारातून आत बघितलं. मग वर बघितलं. वर त्यांची मुलगी होती. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांची छाती फुगली, आता हाक मारणार, आणि माझा हात त्यांच्या तोंडावर गेला. आयुष्यात मी परपुरुषाच्या तोंडावर हात ठेवला नव्हता. "ओरडू नका," मी म्हणाले. "ती धावेल." त्यांचे डोळे भरून आले. माझा हात त्यांनी काढला नाही. मग खाली बसून शिडीचे पाय त्यांनी पोटाशी धरले.

एकेक जण उतरत होता. कुणाला काही कळत नव्हतं, पण ताईच्या आवाजाने सगळ्यांची हवा गेली होती. उंच मुलगा उतरला, मग साहेबांची बायको, मग गटातले दोघे भाऊ. उतरलेल्याला मी दंडाला धरून भिंतीपासून लांब ढकलायचे. डॉक्टरांची मुलगी शिडीवर आली तेव्हा डॉक्टर वरही बघेनात. तिचा पाय त्यांच्या खांद्याला लागला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. आणि तेवढ्यात तो आवाज झाला.

जाड कापड काठाशी चीर देऊन दोन्ही हातांनी टरकावलं की होतो ना, तसा. मी तो आवाज रोज ऐकते. पण तो कधी भिंतीतून आलेला ऐकला नव्हता.

वर आता ताई एकटी होती. सगळ्यांना कडेने पाठवता पाठवता ती सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन पोचली होती, शिडीच्या बरोबर उलट. मला खालून ती दिसेना. नुसतं आकाश दिसत होतं. कधी चढले, कशी चढले, मला विचारू नका. एवढं आठवतं की माझे डोळे छताच्या कडेला लागले आणि समोर ताई दिसली. आमच्यामध्ये ते नवंकोरं करडं छत, आणि त्याच्या मधोमध खळगा पडत चाललेला, गादीवर कुणी बसल्यासारखा.

"छोटे, तू उतर," ताई म्हणाली.

"आधी तू येतेस का?"

"येते. तू उतर तर."

"नाही ताई. तू ये ना."

तिने चपला काढल्या. पाठ बाहेरच्या बाजूला, दोन्ही हात पसरलेले, भिंतीच्या रुंदीवरून पाऊल पाऊल सरकत ती यायला लागली. साठी ओलांडलेली माझी बहीण. शाळेत मुलींना तोल सांभाळायला शिकवायची, बाकावरून चालवायची, पडलं की ओरडायची. मी तिच्या पायांकडेच बघत होते. तिच्या अंगठ्याचं नख फुटलेलं होतं, तेही मला दिसलं. वळणाच्या कोपऱ्यावर ती थांबली, ओठ घट्ट मिटले, आणि पुन्हा सरकली. मी हात लांब केला. हात पोचेना. मग पोचला. तिची बर्फासारखी बोटं माझ्या मनगटाभोवती बसली आणि मी ती सोडणार नव्हते, छतासकट खाली गेले असते तरी.

तिचे दोन्ही पाय शिडीवर आले, आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर घसरत खाली आलो, आणि डॉक्टरांनी आम्हाला जवळजवळ फरफटत चिंचेखाली नेलं. मग ते पडलं. फार मोठा आवाज झाला नाही. एक जड हुंकार, पायाखालची जमीन दचकली, आणि दारातून, खिडकीतून पांढरी धूळ अशी बाहेर आली की चिंच दिसेना.

सगळे खोकत होते. कुणीतरी रडायला लागलं. ताई धुळीत उभी राहून माणसं मोजत होती, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून. ती माझ्यापाशी आली. "आपले सगळे आहेत," म्हणाली. "छोटे, बोल काहीतरी. मला शिव्या दे."

मी सुनेकडे बघत होते. ती बाळाला छातीशी घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

"आजी कुठे आहेत?" मी विचारलं. फार हळू.

सून गोंधळली. "आत्ता इथेच होत्या. तुम्ही डॉक्टरांना टेकूंचं सांगितलंत, ते त्यांनी ऐकलं. तुमच्या मागोमाग त्या शिडीजवळ आल्या होत्या. परत येऊन मला म्हणाल्या, अगं, ती लाकडं लागणार होती. आणि गेल्या."

"कुठे गेल्या?"

तिने हात केला. घराकडे.

डॉक्टर आणि तो उंच मुलगा धुळीत दाराकडे धावले. दारात गुडघ्याएवढा ढिगारा होता, सळया वाकून बाहेर आलेल्या. साहेबांचा कॅमेरा त्यांच्या गळ्यात नुसता लोंबत होता. ताईने माझा हात धरला आणि मी तो धरू दिला. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे सारखे ते पुसलेल्या जमिनीवरचे गोल डाग येत होते. बाईने लाकडं जागच्या जागी परत लावायला नेली असतील. डाग बघून तिला बरोबर जागा सापडल्या असत्या.

मग घराच्या मागच्या कोपऱ्यावरून कुणीतरी वळलं. धुळीने नखशिखांत पांढरं. खांद्यावर दोन टेकू, वजनाने एका बाजूला वाकलेली, ठेचकाळत येणारी आजी. मोळीची गाठ तिने काल अशी पक्की मारली होती की ती सुटायलाच वेळ गेला. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने वळून घराकडे बघितलं, पण तिला ते दिसलं असं वाटलं नाही.

"ही दोन आणलीत," ती म्हणाली. "बाकीची आणते. लावा परत. मी एकही जाळलं नाही हो. तुम्ही रागावून जाऊ नका. मी एकही जाळलं नाही."

आणि माझा आवाज फुटला.

"टाका ती खाली," मी ओरडले. "टाका म्हणते ना. खांदा मोडायचाय का? कोण जातंय? कुठे जातंय? बस गेली खड्ड्यात. ए उंच पोरा, बघत काय उभा राहिलास, घे ती लाकडं त्यांच्याकडून. आणि त्या दारात कुणी जाऊ नका, सळई लागेल, धनुर्वात होईल. साहेब, तो कॅमेरा ठेवा आणि मिस्त्रीला बोलावणं पाठवा. म्हणावं, ये इकडे, आधी माझ्या दोन शिव्या खा आणि मग घमेली काढ. काय मेलं सांगायची पद्धत, अंगणात सांगतो, घरच्या बाईला सांगत नाही. आणि तुम्ही, तुम्ही हो आजी, पुन्हा जर कधी काही आवरलंत ना..."

मी तिला घट्ट धरलं होतं. तिच्या केसांतली धूळ माझ्या तोंडात जात होती.

चिंचेखाली ताई मटकन जमिनीवर बसली, अनवाणी, आणि रडायला लागली. मी तिला उभ्या जन्मात रडताना पाहिलं नव्हतं. "ओरड गं," ती म्हणत होती. "थांबू नकोस. ओरडत राहा."

मी ओरडत राहिले.